बर्लिनमध्ये फर्निश्ड घर भाड्याने घेताना : मुलांसाठी आणि पालकांसाठी माहिती

आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांतली मुले पूर्वी नोकरीसाठी मुंबई-पुण्याला जात, पुढे अमेरिकेला जाऊ लागली. आता जर्मनीचे नाव वरचेवर कानावर येते. मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना कोणी ना कोणी पालक विचारतातच, "साहेब, मुलाला ॲडमिशन मिळाली, व्हिसाही झाला, पण घराचे काय करायचे? डिपॉझिट इथूनच पाठवू का?"

हा प्रश्न मला विचारतात, कारण मी बँकेत होतो. पण उत्तर मला बँकेत मिळाले नाही. ते घरच्या नुकसानीतून मिळाले. माझ्या भाच्याचे बर्लिनमधले पहिले "घर" मुळात अस्तित्वातच नव्हते आणि त्याचे पैसे पाठवण्याचा फॉर्म मी स्वतः भरला होता. त्याची हकिगत पुढे येईल. त्यानंतर मी या विषयाचे कायदे आणि व्यवहार नीट समजून घेतले. ते इथे क्रमाने मांडतो. उदाहरण बर्लिनचे घेतले आहे, पण भाड्याचा कायदा बहुतांशी साऱ्या जर्मनीला सारखाच लागू आहे.

फर्निश्ड घरच का घ्यावे लागते?

जर्मनीत भाड्याचे घर म्हणजे सहसा रिकामे घर. रिकामे म्हणजे किती? पुष्कळदा स्वयंपाकघरात ओटा आणि शेगडीसुद्धा नसते. आधीचा भाडेकरू स्वतःचे किचन उचलून नेतो, छताचे दिवेही काढून नेतो आणि वायरी लोंबत राहतात. दोन बॅगा घेऊन उतरलेल्या मुलाने असे घर घेतले तर पहिल्या महिन्यातच त्याचे दिवाळे निघेल.

म्हणून नवखा परदेशी माणूस पलंग, टेबल आणि भांडीकुंडी असलेले घर शोधतो. ते महाग पडते आणि बहुधा ठरावीक मुदतीसाठीच मिळते. तरी सुरुवातीला तेच सोयीचे असते. मात्र फर्निश्ड घराकडे कायमचे घर म्हणून पाहू नये. त्या शहरात आपले कागद तयार होईपर्यंतची ती पहिली पायरी आहे. त्यामुळे घर पसंत करताना पडदे आणि सोफा नंतर पाहावेत; हे घर आपल्याला कोणते कागद देणार आहे, ते आधी पाहावे. या लेखाचे सारे सार एवढेच आहे.

विद्यार्थ्यांसाठी आणखी दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे श्टुडिरेन्डेनवेर्क या संस्थेची वसतिगृहे. तिथल्या खोल्या फर्निश्ड असतात, भाडे माफक असते, पण प्रतीक्षायादी लांब असते. म्हणून प्रवेशाचे पत्र हाती येताच अर्ज करून ठेवावा. दुसरी वाट "वेगे"ची, म्हणजे तिघा-चौघांनी मिळून घेतलेल्या घरातली एक खोली. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. आपल्या मुलांना हे सहज जमते.

जाहिरात कशी वाचावी?

पहिला घोळ खोल्यांचा. आपण वन बीएचके, टू बीएचके म्हणतो. तिथे "दोन खोल्यांचे घर" म्हणजे एक बैठकीची आणि एक झोपण्याची खोली. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. म्हणजे त्यांचे दोन खोल्यांचे घर हे आपले वन बीएचके. "एक खोलीचे घर" म्हणजे बसणे, झोपणे आणि अभ्यास एकाच खोलीत.

दुसरा घोळ भाड्याचा. "काल्टमीटे" म्हणजे थंड भाडे. यात फक्त जागेचे भाडे येते. "नेबेनकोस्टेन" म्हणजे पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई आणि बहुधा हीटिंग असे वरखर्च. दोन्ही मिळून होते ते "वार्ममीटे", म्हणजे ऊबदार भाडे. वीज आणि इंटरनेट पुष्कळदा याहून वेगळे असते. वरखर्च दरमहा अंदाजाने घेतात आणि वर्षाअखेर हिशेब करतात. वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत मालकाने तो हिशेब द्यावा लागतो. कधी परतावा मिळतो, कधी वर भरावे लागतात. फर्निश्ड घरात सगळे धरून एकच आकडा सांगण्याचीही पद्धत आहे. त्यात काय काय आले, हे लेखी विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट, भाड्याची मर्यादा. बर्लिनमध्ये जून २०१५ पासून नव्या भाड्यावर लगाम आहे. त्या भागातल्या तुलनेच्या भाड्यापेक्षा साधारणपणे दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. मात्र तात्पुरत्या वापरासाठी दिलेली घरे या नियमातून सुटतात आणि फर्निचरचा आकार किती लावावा हा नेहमीचा वादाचा मुद्दा आहे. फर्निश्ड घरे महाग असण्याचे एक कारण हेच.

चौथी गोष्ट, दलाली. १ जून २०१५ पासून नियम असा, की ज्याने दलाल नेमला त्यानेच दलाली द्यायची. मालकाने नेमलेला दलाल भाडेकरूकडे पैसे मागू शकत नाही. "घर दाखवण्याची फी" मागितली तर सरळ पाठ फिरवावी.

नावनोंदणी : सगळ्या कागदांचे मूळ

जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात आपला पत्ता नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे. याला "आनमेल्डुंग" म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट आणि भरलेला फॉर्म लागतो. त्याशिवाय घर देणाऱ्याने सही केलेला एक दाखलाही लागतो, "ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे राहते" असा. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. बर्लिनमध्ये कार्यालयाची वेळ मिळायला उशीर होतो. म्हणून घर पक्के होताच वेळ घ्यावी आणि ती घेतल्याचा पुरावा जपून ठेवावा.

ही नोंदणी नसेल तर काय अडते? करक्रमांक पोस्टाने नोंदलेल्या पत्त्यावर येतो. तो नसेल तर पगारातून जास्तीत जास्त दराने कर कापला जाऊ शकतो. व्हिसाचे रूपांतर राहण्याच्या परवान्यात करताना पत्त्याचा पुरावा लागतो. बहुतेक बँकाही तोच मागतात. (कायद्याप्रमाणे तिथे कायदेशीर राहणाऱ्या कोणालाही साधे खाते मिळण्याचा हक्क २०१६ पासून आहे, पण नव्या मुलाला हे सांगून भांडायला जमत नाही.) आपल्याकडे रेशनकार्डाशिवाय काही हलत नव्हते, ते दिवस आठवा.

काही जाहिरातींत स्पष्ट लिहिलेले असते किंवा बोलताना कळते, की "नावनोंदणी करता येणार नाही". असे घर कितीही छान असले तरी दोन-तीन आठवड्यांच्या मुक्कामापलीकडे घेऊ नये. दाखला देणे ही घर देणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे. तो टाळतो म्हणजे बहुधा त्याला मूळ मालकाची परवानगी नसते किंवा त्याला हिशेब दाखवायचा नसतो. पैसे घेऊन नुसता पत्ता "विकणारेही" भेटतात. त्या वाटेला मुळीच जाऊ नये. राहत नसताना पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड आहे आणि खोटी नोंद करणाराही दंडास पात्र ठरतो. परदेशात नव्या माणसाच्या फाइलवर असा डाग नको.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. तिथल्या इमारतींत फ्लॅटला सहसा नंबर नसतात. पोस्टमन पत्रपेटीवरचे नाव पाहून पत्र टाकतो; नाव नसेल तर पत्र परत जाते. बँकेचे कार्ड, करक्रमांक, विम्याचे पत्र सगळे पोस्टानेच येते. त्यामुळे किल्ली मिळाल्या दिवशीच पेटीवर आपले नाव लावून घ्यावे. पोटभाडेकरू असल्यास मूळ भाडेकरूचे नाव आणि आपले नाव, दोन्ही असावीत.

पत आणि कागदपत्रे

आपल्याकडे सिबिल, तसे तिथे "शूफा". ही संस्था १९२७ साली बर्लिनमध्येच सुरू झाली. घरमालक भाडेकरू निवडताना शूफाचा दाखला मागतो. नव्याने गेलेल्या मुलाची तिथे काही नोंदच नसते. पत वाईट नसते, ती कोरी असते. पण मालकाला दोन्ही सारखेच वाटते.

यावर उपाय म्हणजे पर्यायी कागदांची एक फाइल आधीच तयार ठेवणे :

- नोकरी असल्यास करारपत्र आणि मिळाल्यास शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या
- विद्यार्थी असल्यास प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचे किंवा ब्लॉक्ड खात्याचे पत्र
- आधीच्या मालकाचे "भाडे थकलेले नाही" असे पत्र. भारतातले असले तरी इंग्रजीत करून घ्यावे
- स्वतःची ओळख करून देणारे अर्ध्या पानाचे पत्र, शक्यतो जर्मन भाषेत
- जामीनदार असल्यास त्याचे हमीपत्र. मात्र मालक सहसा जर्मनीत राहणाराच जामीनदार मानतात, बडोद्यातल्या वडिलांची हमी फारशी चालत नाही

पासपोर्टची प्रत मात्र घर पाहण्याआधी कोणालाही पाठवू नये. नंतर द्यावी लागली तरी त्यावर आडवे "फक्त घरभाड्यासाठी" असे लिहून तारीख टाकावी.

नाव परदेशी दिसले की उत्तरच येत नाही, असा अनुभव आपल्या मुलांना येतो. वंश किंवा मूळ देश पाहून घर नाकारण्याला तिथे २००६ च्या समान वागणूक कायद्याने मनाई आहे. दाद मागायची मुदत फक्त दोन महिन्यांची असते. सिद्ध करणे अवघड, हे खरे. पण "फक्त शाकाहारी", "बॅचलर नको" असे आपणही आपल्या सोसायटीत बिनदिक्कत सांगतो. मुलाचा रडवेला फोन आला तेव्हा मला माझ्याच सोसायटीच्या सभेत मी केलेले मतदान आठवले.

अनामत रक्कम

आता माझ्या विषयावर येतो. अनामत रकमेला तिथे "काउत्सिओन" म्हणतात. तिचे नियम आपल्यापेक्षा पुष्कळ स्पष्ट आहेत :

१. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी. वरखर्च त्यात धरायचे नाहीत.

२. रोख अनामत तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकराराची मुदत सुरू होताना आणि पुढचे दोन नंतरच्या दोन भाड्यांबरोबर.

३. मालकाने ती रक्कम स्वतःच्या पैशांपासून वेगळी, व्याज देणाऱ्या खात्यात ठेवावी लागते. व्याज भाडेकरूचे. मालक बुडाला तरी भाडेकरूची रक्कम त्यात बुडू नये, हा हेतू.

समजा थंड भाडे ९०० युरो आहे. तर अनामत जास्तीत जास्त २,७०० युरो आणि ती ९००-९०० च्या तीन हप्त्यांत देता येते. फर्निचर आहे म्हणून पाच महिन्यांची अनामत मागितली तर ती कायद्यात बसत नाही.

हप्त्यांचा हा हक्क विद्यार्थ्यांना फार उपयोगी पडतो. व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात पैसे ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे. पालकांना वाटते, एवढे पैसे आहेत, त्यातून डिपॉझिट निघेल. तसे होत नाही. त्या खात्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात आणि तेही मुलगा तिथे पोहोचून खाते चालू झाल्यावर. म्हणून अनामत, पहिले भाडे आणि पहिल्या काही आठवड्यांचा खर्च यांची तजवीज वेगळी करावी.

पैसे भारतातून पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, त्यामुळे मर्यादेची चिंता नाही. चिंता आहे ती पैसे कोणाला जातात याची. शक्य असेल तर पैसे मुलाच्या स्वतःच्या जर्मन खात्यात पाठवावेत आणि तिथून त्याने मालकाला द्यावेत. ऑक्टोबर २०२५ पासून युरो देशांतल्या बँकांना पैसे जाण्याआधी खाते क्रमांक आणि नाव जुळते का, हे तपासून ग्राहकाला सांगावे लागते. आपण बडोद्यातून स्विफ्टने थेट पाठवले तर हे संरक्षण मिळत नाही.

आमच्या घरी काय झाले?

भाच्याला बर्लिनमध्ये एम.एस.साठी प्रवेश मिळाला. सत्र सुरू व्हायला पाच आठवडे होते. एका संकेतस्थळावर त्याला एक खोलीचे फर्निश्ड घर सापडले. फोटो सुरेख, भाडे आजूबाजूच्या घरांपेक्षा बरेच कमी. मालकीणबाईंनी उत्तर दिले ते अगदी आपुलकीने. त्या नोकरीनिमित्त दुसऱ्या देशात असतात, घर दाखवायला कोणी नाही, पण अनामत आणि पहिले भाडे जमा होताच किल्ली कुरियरने येईल, घर आवडले नाही तर पैसे परत. सोबत करार आणि त्यांच्या पासपोर्टची प्रतही आली.

"मामा, आजच पाठवा, नाहीतर घर जाईल. अजून चार जण मागताहेत." मेहुण्यांना बँकेतले फॉर्म जमत नाहीत, म्हणून मी गेलो. ए-टू फॉर्म भरला, खाते क्रमांकाचा अंकन् अंक दोनदा तपासला. १,८५० युरो गेले.

किल्ली आली नाही. चौथ्या दिवशी बाईंचा ईमेल बंद झाला. आम्ही बँकेमार्फत पैसे परत मागवण्याचा संदेश पाठवला. समोरच्या बँकेचे उत्तर आले, खात्यात शिल्लक नाही. भाच्याने पुढे बर्लिनला जाऊन पोलिसांत तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक मिळाला, पैसे मिळाले नाहीत.

चौतीस वर्षे मी दुसऱ्यांची कर्जप्रकरणे तपासली. तारणाची जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सही केली नाही. आणि घरच्या प्रकरणात मी खाते क्रमांक तपासला, पण ते घर कोणी पाहिले आहे का, हे विचारलेच नाही. नंतर शांतपणे कागद पाहिले तेव्हा सगळे दिसत होते. घर बर्लिनमध्ये, पण खाते तिसऱ्याच देशातल्या बँकेत. जर्मन खात्याचा क्रमांक डीई या अक्षरांनी सुरू होतो आणि एकूण बावीस अक्षर-अंकांचा असतो. हा तसा नव्हता. खातेदाराचे नाव पासपोर्टवरच्या नावाहून वेगळे होते. तो पासपोर्टही बहुधा अशाच एखाद्या फसलेल्या माणसाचा असावा.

बहिणीने मला एका शब्दाने बोल लावला नाही. ते जास्त लागले.

म्हणून ठाम सांगतो. घर पाहिल्याशिवाय पैसे नाहीत. मुलाने स्वतः पाहावे किंवा तिथल्या ओळखीच्या माणसाने आत जाऊन पाहावे. ओळखीचे कोणी नसेल तर पहिले दोन-तीन आठवडे हॉस्टेलमध्ये राहावे. तो खर्च वाया गेला असे वाटते, पण आम्ही घालवले त्याच्या तुलनेत तो काहीच नाही. पुढील खुणा दिसल्या की थांबावे :

- भाडे आसपासच्या घरांपेक्षा लक्षणीय कमी
- मालक परदेशात, किल्ली कुरियरने
- खाते दुसऱ्या देशातले किंवा दुसऱ्याच नावाचे
- आजच पैसे पाठवण्याची घाई
- एखाद्या प्रसिद्ध कंपनीमार्फत "सुरक्षित व्यवहार" करू असे सांगून पाठवलेली लिंक

करार : सहीपूर्वी काय पाहावे?

करार जर्मन भाषेत असतो. इंग्रजी भाषांतर दिले तरी बहुधा जर्मन मजकूरच ग्राह्य धरला जातो. तीन गोष्टी खास पाहाव्यात.

पहिली, समोरचा माणूस मालक आहे की स्वतःच भाडेकरू? फर्निश्ड घरे पुष्कळदा मूळ भाडेकरू काही महिन्यांसाठी बाहेर जाताना देतो. त्यात गैर काही नाही, पण त्याला मालकाची परवानगी लागते. ती लेखी पाहावी. परवानगी नसेल तर मूळ भाडेकरूचा करार रद्द होऊ शकतो आणि मग आपल्या मुलालाही घर सोडावे लागते.

दुसरी, मुदत. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार ही सवयीची गोष्ट आहे आणि मध्येच सोडायचे झाले तर एक महिन्याची नोटीस देऊन मोकळे होतो. तिथे ठरावीक मुदतीचा करार दोघांनाही बांधतो. मध्येच सोडण्याचे कलम नसेल तर बारा महिन्यांची सही म्हणजे बारा महिन्यांचे भाडे. सहा महिन्यांनी दुसऱ्या शहरात नोकरी लागू शकते, हे मनात धरून ते कलम आधीच घालून घ्यावे. बेमुदत करार असेल तर भाडेकरूसाठी नोटीस साधारण तीन महिन्यांची असते. मालक स्वतः राहतो त्याच घरातली फर्निश्ड खोली असेल तर पंधरा तारखेपर्यंत नोटीस देऊन त्याच महिन्याच्या अखेरीस ती सोडता येते. पण ही सोय मालकालाही आहे, हे विसरू नये.

तिसरी, नोटीस देण्याची रीत. ती कागदावर, हाताने सही करूनच द्यावी लागते. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर दिलेली नोटीस कायद्याने नोटीसच नव्हे.

ताबा घेताना आणि राहताना

ताबा घेताना दोघांनी मिळून एक नोंदपत्र करायचे असते. वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या, भिंतीवरचे डाग, गादी, खुर्च्या, अगदी चमचे आणि कप सुद्धा. फर्निश्ड घरात ही यादी हाच भांडणाचा किंवा शांततेचा पाया. मालक "राहू द्या, विश्वास आहे" म्हणाला तरी यादी करावी आणि फोटो काढून त्याच दिवशी त्याला ईमेलने पाठवावेत.

किल्ली जपावी. साऱ्या इमारतीला एकच कुलूपव्यवस्था असेल तर एक किल्ली हरवल्यावर अनेक कुलपे बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. यासाठी आणि अशाच नुकसानीसाठी तिथे व्यक्तिगत दायित्वाचा विमा मिळतो. हप्ता किरकोळ असतो. तो जरूर घ्यावा आणि हरवलेली किल्ली त्यात येते का, ते विचारावे.

आपले स्वयंपाकघर हा वेगळा विषय आहे. पांढऱ्या ओट्यावर हळद सांडली की डाग राहतो. काचेच्या शेगडीवर जड कुकर सरकवला की ओरखडा उठतो. फोडणीचा वास पडद्यात बसतो. लाकडी पाट, झाकण आणि उघडी खिडकी एवढ्याने बरेच भागते. थंडीत खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्याऐवजी दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडायची, ही तिथली रीत आहे. ती पाळली नाही तर भिंतीला बुरशी येते आणि खर्च भाडेकरूवर टाकण्याचा प्रयत्न होतो.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची. कागद, काच, ओला कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. आणि घरी टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीचे शुल्क येते, घरामागे महिन्याला १८.३६ युरो. पत्र फसवे समजून फाडू नये. एका घरात चौघे राहत असतील तर एकानेच भरायचे आणि बाकीच्यांनी वाटून घ्यायचे.

घर सोडताना

ताबा देतानाही तसेच नोंदपत्र करावे आणि त्यावर मालकाची सही घ्यावी. अनामत त्याच दिवशी मिळत नाही. हिशेबासाठी मालक काही महिने घेतो आणि वरखर्चाच्या हिशेबापुरता काही भाग आणखी थांबवू शकतो. नुकसानभरपाई मागायची असेल तर ताबा मिळाल्यापासून सहा महिन्यांत मागावी लागते. देश सोडून येणार असाल तर अनामत जमा होईपर्यंत तिथले बँक खाते बंद करू नका. ही चूक पुष्कळ जण करतात. पत्ता नोंदवला तसा देश सोडताना तो काढूनही टाकावा लागतो, हेही लक्षात ठेवावे.

वाद झालाच तर भाडेकरूंच्या संघटना आहेत. बर्लिनर मीटरफेराइन ही त्यांपैकी एक. वर्षाची वर्गणी भरून सभासद झाले की वकिलाचा सल्ला मिळतो. विद्यार्थ्यांना विद्यापीठातही बहुधा सल्ला मिळतो.

सहीपूर्वी विचारायचे सहा प्रश्न

१. घर आपल्या माणसाने आतून पाहिले का?
२. नावनोंदणीचा दाखला मिळेल, असे लेखी आहे का?
३. देणारा मालक आहे का? नसेल तर मालकाची परवानगी पाहिली का?
४. अनामत तीन थंड भाड्यांच्या आत आहे का? हप्ते मान्य आहेत का?
५. मुदतीआधी सोडता येईल का?
६. खाते कोणाच्या नावाचे आणि कोणत्या देशातले?

यांतल्या एकाही प्रश्नाला गोलमोल उत्तर आले तर घर सोडून द्यावे. दुसरे मिळते.

भाच्याला मिळाले. तीन आठवडे हॉस्टेलमध्ये काढल्यावर त्याला "वेगे"त एक खोली मिळाली, नावनोंदणीच्या दाखल्यासह. दोन वर्षांनी ती सोडताना त्याने सगळे नोंदपत्र, फोटो, मीटरचे आकडे मला आधी पाठवून तपासून घेतले. अनामत चार महिन्यांनी जमा झाली, ओट्यावरच्या हळदीच्या डागाचे चाळीस युरो कापून. त्याचा फोन आला, "मामा, चाळीस गेले." मी म्हटले, "अरे, पावती घेतलीस ना? मग झाले."